जर्मनचे अध्ययन आणि उपजीविकेचा प्रश्न

१

गेल्या जून महिन्यात एम. ए. च्या प्रवेशासाठी आलेल्या एका विद्यार्थिनीने प्रस्तुत लेखकास एक साधा प्रश्न विचारला. जर्मन हा मुख्य विषय घेऊन तिने बी. ए. ची पदवी मिळविली होती आणि बी-२ या पायरीची परीक्षाही ती उत्तीर्ण झाली होती. पुढील दोन वर्षे एम. ए. साठी द्यावीत, की काही महिन्यांत सी-१ ची परीक्षा देऊन एखाद्या कंपनीत नोकरी धरावी, असा तिच्यापुढे पेच होता. "सी-१ करून जे येणार नाही, असे एम. ए. करून मला काय येईल, सर?" हे तिचे शब्द. प्रश्नात उद्धटपणा मुळीच नव्हता. घरची परिस्थिती बेताची होती आणि उत्तरावर तिचे बरेच काही अवलंबून होते. मला त्या वेळी समाधानकारक उत्तर देता आले नाही. पंधरा वर्षे भाषाविज्ञान शिकविणाऱ्या आणि त्यांतील निम्मी वर्षे जर्मनच्याच वर्गास शिकविणाऱ्या माणसास ते देता येऊ नये, ही गोष्ट मनाला लागून राहिली. प्रस्तुत लेख म्हणजे ते उत्तर शोधण्याचा, उशिरा का होईना, केलेला प्रयत्न होय.

त्यानंतरच्या काही आठवड्यांत जर्मनच्या अध्ययनाची महती सांगणारी माहितीपत्रके मिळतील तितकी मिळवून वाचली. ही माहितीपत्रके हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकारच आहे, आणि वाङ्मय म्हणून ती टीकेस पात्र आहेत. त्यांची भाषा पाहावी. 'संधी', 'दालन', 'जागतिक' या तीन शब्दांवाचून त्यांतील एकही परिच्छेद पुरा होत नाही. क्रियापदे जवळजवळ सर्वत्र भविष्यकाळी. वाक्याचा कर्ता बहुधा जर्मन भाषा, आणि विद्यार्थी हा कर्म: भाषा त्याला नेते, घडविते, उभे करते, तो स्वतः काही करीत असल्याचे कोठे आढळत नाही. मग एकाच दमात भाषांतरकार, दुभाषी, शिक्षक, पर्यटन-मार्गदर्शक, संगणक-कंपनीतील साहाय्यक अशी व्यवसायांची माळ गुंफलेली असते. यांपैकी कोणता माणूस सकाळी कामावर गेल्यापासून संध्याकाळी परत येईपर्यंत नेमके काय करतो आणि त्या कामात जर्मनचा कोणता भाग उपयोगी पडतो, याविषयी एक अक्षर नाही.

याच्या अगदी उलट टोकास आमच्यापैकी काही ज्येष्ठ प्राध्यापक उभे आहेत. विद्यापीठ म्हणजे नोकऱ्यांचा बाजार नव्हे; भाषा भाषेसाठी, वाङ्मय वाङ्मयासाठी अभ्यासावे, असे ते म्हणतात. हे म्हणणे थोर आहे. परंतु ते बहुधा कायम नोकरीत असलेल्या माणसाकडून ऐकू येते, हेही लक्षात ठेवावयास हवे. वस्तुतः माहितीपत्रके आणि ही मंडळी यांचा गृहीत सिद्धांत एकच आहे. विद्या आणि उपजीविका या दोन निराळ्या वाटा असून विद्यार्थ्याने त्यांपैकी एक निवडावयाची आहे, असे दोघेही धरून चालतात. जर्मनच्या बाबतीत, निदान पुण्यामुंबईच्या इतिहासात तरी, हा सिद्धांत टिकत नाही.

२

मार्टिन हाउग हे १८५९ ते १८६६ या काळात पुण्याच्या महाविद्यालयात संस्कृत शिकवीत होते. गेओर्ग ब्यूलर १८६३ त मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात आले. फ्रान्झ कीलहॉर्न यांनी डेक्कन कॉलेजात १८६६ पासून १८८१ पर्यंत अध्यापन केले आणि पतंजलीच्या महाभाष्याची आवृत्ती सिद्ध केली, ती मुंबई संस्कृत मालेत निघाली. या मंडळींचे येथील शास्त्र्यांशी जे देणेघेणे झाले, त्यातून एक गोष्ट येथल्या तरुण संस्कृतज्ञांच्या ध्यानी आली: युरोपातील संस्कृतविद्येची कामाची भाषा जर्मन आहे, आणि ती न येणारा माणूस दुसऱ्याच्या तोंडाने बोलल्याखेरीज राहणार नाही. बोटलिंक आणि रोट यांचा सेंट पीटर्सबर्गचा सप्तखंडात्मक संस्कृत कोश १८५५ ते १८७५ या वीस वर्षांत निघाला, तो जर्मन अर्थ देणारा. वाकरनागेल यांचे प्राचीन भारतीय भाषेचे व्याकरण १८९६ पासून निघू लागले, तेही जर्मनमध्येच. भांडारकरांना १८८५ त गटिंगेन विद्यापीठाने सन्मान्य पदवी दिली, ती याच देवघेवीच्या काळात.

पुढच्या पिढीने जर्मन शिकली ती हौस म्हणून नव्हे. पां. दा. गुणे लाइपझिगला गेले, ते तौलनिक भाषाशास्त्राचे केंद्र तेथे होते म्हणून. परत येऊन त्यांनी १९१८ त त्या शास्त्राचे जे प्रास्ताविक इंग्रजीत लिहिले, त्यावर हिंदुस्थानातील अनेक पिढ्यांचा भाषाशास्त्राशी परिचय झाला. विष्णु सीताराम सुखठणकर यांनी केंब्रिजला गणिताचा अभ्यास केला, मग ते बर्लिनला हाइन्रिख ल्यूडर्स यांच्या हाताखाली गेले आणि तेथे शाकटायनाच्या व्याकरणावर त्यांनी प्रबंध लिहिला. १९२५ त भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम त्यांच्याकडे आले. आदिपर्व १९३३ त पूर्ण झाले. त्याला जोडलेल्या प्रस्तावनेत हस्तलिखितांची कुळे लावण्याची जी पद्धत दिसते, तिचे शिक्षण बर्लिनच्या वर्गातले आहे; पण ग्रीक व लॅटिन ग्रंथांसाठी बनविलेली ती पद्धत महाभारतासारख्या मुखपरंपरेने वाढलेल्या ग्रंथास जशीच्या तशी लागू पडत नाही, हे सुखठणकरांनीच ओळखले व त्याप्रमाणे तिला मुरड घातली. जर्मन येत असल्यामुळेच त्यांना जर्मन पद्धतीची मर्यादा दिसली.

इरावती कर्वे यांचे उदाहरण याहून बोलके आहे. १९२८ ते १९३० या काळात त्या बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्याकडे मानववंशशास्त्राचा अभ्यास करीत होत्या. मानवी कवटीच्या दोन बाजूंतील असमानता हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. ही असमानता आणि वंश यांचा संबंध असावा, अशी फिशर यांची धारणा होती. कर्वे यांच्या मोजमापांनी असा संबंध सिद्ध झाला नाही, आणि त्यांनी तसे लिहिले. हेच फिशर पुढे नाझी राजवटीच्या वंशशास्त्राचे एक आधारस्तंभ ठरले, हे ध्यानात घेतले म्हणजे या गोष्टीचे वजन कळते. परक्या भाषेत, परक्या देशात, गुरूच्या सिद्धांताविरुद्ध जाणारा निष्कर्ष नीट मांडता यावा, इतकी ती भाषा त्यांना येत होती. ही कोणती पायरी म्हणावयाची? बी-२ की सी-१?

प्रश्न थट्टेचा नाही. युरोपीय परिषदेने २००१ साली जी सहा पायऱ्यांची चौकट प्रसिद्ध केली, ती अत्यंत उपयुक्त आहे. तिच्यामुळे पुण्यातील परीक्षा आणि म्युनिकमधील परीक्षा यांची तुलना शक्य झाली. तथापि ती भाषाव्यवहाराची मोजपट्टी आहे. पट्टीने कापड मोजता येते, कापडाचा पोत कळत नाही. सी-१ उत्तीर्ण झालेला विद्यार्थी वर्तमानपत्राचा अग्रलेख समजून त्यावर मत देऊ शकतो. पिशेल यांच्या प्राकृत व्याकरणातील एक परिच्छेद हाती दिला, की तोच विद्यार्थी थबकतो. कारण तेथे शब्दांची अडचण नसून शास्त्राची आहे, आणि ते शास्त्र त्याला कोणी शिकविलेले नाही.

पिशेल यांचे नाव सहज घेतले नाही. मराठीच्या अभ्यासकास जर्मनशी नाते जोडावयाचे असेल, तर ते येथे जोडावे लागते. हालाच्या गाथासप्तशतीची आल्ब्रेश्ट वेबर यांनी केलेली आवृत्ती १८८१ ची. हेर्मान याकोबी यांचे माहाराष्ट्री कथांचे निवडक पाठ १८८६ चे. पिशेल यांचे व्याकरण १९०० चे. त्याचा सुभद्र झा यांनी केलेला इंग्रजी अनुवाद निघावयास १९५७ साल उजाडले. म्हणजे आपल्या भाषेच्या पूर्वजेविषयी जे पायाभूत लेखन झाले, ते अर्धशतकाहून अधिक काळ आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकीव माहितीवर वापरले. हे जुने झाले, असे कोणी म्हणेल. तर मग अलीकडचे घ्यावे. हायडेलबर्गचे ग्युंथर सोंटहाइमर यांनी बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या धनगरांच्या दैवतांवरील ग्रंथ १९७६ साली जर्मनमध्ये प्रसिद्ध केला. त्याचा ॲन फेल्डहाउस यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९८९ चा. जेजुरी ज्यांच्या घरापासून दोन तासांच्या अंतरावर, अशा अभ्यासकांपैकी कितीकांनी मधली तेरा वर्षे तो ग्रंथ मुळातून वाचला असेल? महाराष्ट्राच्या लोकधर्मावर महाराष्ट्रातल्याच गावोगाव हिंडून लिहिलेला हा ग्रंथ होता.

३

येथे भाषाविज्ञानाच्या अंगाने एक गोष्ट मांडतो. ती माझ्या मते या साऱ्या प्रश्नाचे मर्म आहे.

आपल्याकडे जर्मन शिकविली जाते ती एक तर इंग्रजीतून, किंवा केवळ जर्मनमधून. पहिल्या वाटेने जाणारा शिक्षक विद्यार्थ्यास सांगतो की जर्मनची रचना विचित्र आहे: गौण वाक्यात क्रियापद शेवटी जाते, नामांना तीन लिंगे असतात, 'आवडणे' या अर्थाच्या क्रियापदाचा कर्ता भलताच असतो. दुसऱ्या वाटेने वापरली जाणारी पुस्तके जर्मनीत छापलेली असतात. ती साऱ्या जगासाठी असल्यामुळे कोणत्याच विद्यार्थ्याच्या मातृभाषेची दखल घेत नाहीत. परिणाम असा, की मराठी विद्यार्थी आपल्या घरातील वस्तू परक्याच्या घरी पाहून चकित होतो.

क्रियापद शेवटी येणे यात मराठी माणसास नवल ते काय? 'मिअर गेफालन डी ब्यूशर' या वाक्यात पुस्तके हा कर्ता, क्रियापद त्यानुसार अनेकवचनी आणि ज्याला आवडतात तो चतुर्थीत. 'मला ती पुस्तके आवडतात' याहून यात काय निराळे आहे? इंग्रजीतून शिकणाऱ्याला ही रचना उलटी करून पाहावी लागते. मराठीतून शिकणाऱ्याला ती सरळच असते. जर्मन शास्त्रीय गद्यातील ज्या दीर्घ विशेषणरचनांपुढे इंग्रज भाषांतरकार हात टेकतात, त्या आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत. 'देअर गेस्टर्न इन पूना आन्गेकोमेने ब्रीफ' म्हणजे 'काल पुण्यात आलेले पत्र'. शब्दांचा क्रमही तोच. इंग्रजीत येथे एक संबंधी वाक्य उघडून बंद करावे लागते.

लिंगाची गोष्ट तर अधिक रंजक आहे. मुलगी या अर्थाचा जर्मन शब्द 'मेड्शेन' नपुंसकलिंगी कसा, हा पहिल्या महिन्यातील ठरलेला प्रश्न. 'जर्मन तशीच आहे' हे त्याचे ठरलेले उत्तर. वस्तुतः 'शेन' हा लघुत्ववाचक प्रत्यय ज्या नामास लागतो, ते नाम नपुंसकलिंगी होते. लिंग ठरविते ते प्रत्ययाचे रूप, व्यक्तीचे स्त्रीत्व वा पुरुषत्व नव्हे. आता मराठी पाहा. वासरू, गुरू म्हणजे जनावर, पाखरू, कोकरू, लेकरू: सारी नपुंसक. वासरू हे वत्सरूपापासून आले आणि रूप हा शब्द नपुंसक. त्या साच्यावर पुढे इतर शब्द घडले. लेकरू मुलगा असो वा मुलगी असो, ते 'ते'च. दोन भाषांनी निरनिराळ्या वाटांनी हा एकच नियम गाठला आहे. तो दाखविण्यास वर्गात तीन मिनिटे लागतात, आणि ती तीन मिनिटे विद्यार्थी विसरत नाही.

अर्थात मराठी सर्वत्र तारून नेते असे नव्हे. 'मी मुलाला पाहिले' आणि 'मी मुलाला पुस्तक दिले' या दोन्ही वाक्यांत आपण 'ला' वापरतो. जर्मन तेथे द्वितीया आणि चतुर्थी काटेकोरपणे वेगळ्या ठेवते. आमच्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत 'डेन' आणि 'डेम' यांची जी अदलाबदल होते, तिचे मूळ पुष्कळदा या 'ला'त आहे. जो... तो या आपल्या संबंधी जोडीमुळे जर्मन संबंधी सर्वनामांत होणाऱ्या चुकाही ठराविक असतात. म्युनिकमधील पुस्तककर्त्यास हे ठाऊक असण्याचे कारण नाही. ठाऊक असावयास हवे ते आम्हांस; आणि असा चुकांचा पद्धतशीर संग्रह करून त्यावर अध्यापन बेतणे, हे एम. ए. च्या वर्गात शिकविण्याजोगे काम आहे. सी-१ च्या अभ्यासक्रमात ते नाही, आणि असण्याची अपेक्षाही नाही.

४

आता रोकड्या व्यवहाराकडे वळू. जर्मनीस कामकरी माणसांची मोठी वाण पडली आहे. कुशल कामगारांच्या आगमनाचा कायदा तेथे मार्च २०२० पासून अमलात आला आणि २०२३ साली तो अधिक सैल करण्यात आला. भारत व जर्मनी यांच्यात स्थलांतरविषयक करार डिसेंबर २०२२ मध्ये झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये कुशल भारतीयांसाठी दरसाल २०,००० च्या जागी ९०,००० प्रवेशपत्रे देण्याचे जर्मन सरकारने जाहीर केले. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बेर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला. परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक अशांना तेथे पाठविण्यापूर्वी जर्मन शिकविण्याची त्यात योजना आहे. (मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी-नगरे आहेत, हे फारच थोड्यांस ठाऊक असेल.) जर्मन विद्यापीठांतील परदेशी विद्यार्थ्यांत आज भारतीयांची संख्या सर्वाधिक आहे, २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात ती सुमारे ४९,००० होती. त्यांतील पुष्कळसे अभियांत्रिकीचे, आणि इंग्रजी माध्यमातून शिकणारे.

या आकड्यांचा अर्थ काय लावावयाचा? माहितीपत्रके म्हणतात, जर्मनच्या पदवीधरास सुवर्णकाळ आला. तसे मुळीच नाही. ही मागणी परिचारिकेस आहे, तंत्रज्ञास आहे. जर्मन वाङ्मयाच्या पदवीधरास नाही. परिचारिकेच्या हाती तिचा व्यवसाय असतो आणि भाषा ही त्याची जोड असते. आमच्या विद्यार्थ्याच्या हाती केवळ भाषा असते. चाकणच्या कारखान्यांत किंवा हिंजवडीच्या संगणक-कंपन्यांत ज्याला केवळ जर्मन येते, त्याच्या वाट्यास ग्राहकांच्या तक्रारींची उत्तरे आणि बिलांची तपासणी येते. प्रारंभीचा पगार बरा असतो. पाच वर्षांनी तोच माणूस त्याच खुर्चीवर असतो.

भाषांतराची स्थिती याहून नाजूक आहे. २०१६ च्या सुमारास यांत्रिक भाषांतराची पद्धत बदलली. पुढच्याच वर्षी कोलोनच्या एका कंपनीचे 'डीपएल' हे साधन आले. त्यानंतर यंत्रसामग्रीची माहितीपुस्तके, सुट्या भागांच्या याद्या, नेहमीची पत्रे यांचे भाषांतर हा धंदा म्हणून आटत गेला आहे. यंत्राने केलेले भाषांतर कमी दराने तपासून देणे, एवढेच काम पुष्कळांच्या हाती उरले. आमचे काही माजी विद्यार्थी आज याच परिस्थितीत आहेत. 'जर्मन शिका आणि भाषांतरकार व्हा' असे आजही छापणे ही फसवणूक आहे. पण याच कामाचा एक भाग शिल्लक राहिला आहे. यंत्राने केलेल्या भाषांतरात चूक कोठे लपली आहे हे हुडकणे, आणि ती चूक का झाली हे ग्राहकास पटवून देणे, यास व्याकरण यावे लागते. ते नुसत्या सरावाने येत नाही. शास्त्र म्हणून शिकावे लागते.

शिक्षकाचा व्यवसाय मात्र आज खरोखर वाढतो आहे. परिचारिकांच्या वर्गांना शिकविणार कोण, हा प्रश्न मनुष्यबळ पाठविण्याच्या करारांनी उभा केला आहे आणि योग्य शिक्षक पुरेसे नाहीत. तथापि येथेही भूमी भुसभुशीत आहे. नोकरी बहुधा तासिकातत्त्वावर. आणि धोरण फिरले की वर्ग जातो. २०१४ च्या नोव्हेंबरात केंद्रीय विद्यालयांतील सहावी ते आठवीच्या वर्गांत तिसरी भाषा म्हणून शिकविली जाणारी जर्मन भर सत्रात काढून तिच्या जागी संस्कृत आणण्यात आली. सुमारे सत्तर हजार मुलांचा प्रश्न होता. तो निर्णय योग्य की अयोग्य, हा वाद येथे नको. खेद वाटतो तो एवढाच, की ज्या दोन भाषांनी मिळून तौलनिक भाषाशास्त्र जन्मास घातले, त्या एकमेकींच्या वैरिणी म्हणून उभ्या केल्या गेल्या. आणि त्या वादात दोन्ही बाजूंनी बॉप यांचे नाव घेतलेले माझ्या तरी वाचनात आले नाही.

परिचारिकांच्या वर्गाविषयी थोडे अधिक लिहावयास हवे, कारण भाषाविज्ञानाच्या माणसास ते वर्ग म्हणजे मोठी शाळा आहे. रुग्णाला कसे दुखते, हे जर्मन परिचारिका पाच-सहा विशेषणांनी विचारते: श्टेशेंट, ब्रेनेंट, त्सीएंट, डुम्प्फ, पोखेंट. जर्मनमधून शिकविणारे पुस्तक या प्रत्येकापुढे चित्र काढते. मराठी मुलीला चित्राची गरजच नाही. टोचल्यासारखे, जळजळणारे, ओढ लागल्यासारखे, मंद, ठणकणारे: आपल्या भाषेत वेदनेचा शब्दसंग्रह जर्मनहून तोकडा नाही, किंबहुना कळ, शूळ, चमक, ठणका ही नामे पाहता तो अधिक बारीक आहे. पण हे जोडकाम करावयास शिक्षकाला दोन्ही भाषा शास्त्र म्हणून ठाऊक हव्यात. इस्पितळात वेदनेचा शब्द चुकला तर त्याचे परिणाम रुग्णाला भोगावे लागतात. परीक्षेतील दोन गुणांइतकी ती स्वस्त चूक नव्हे.

५

मग आमच्या एम. ए. त काय चालते? गटे, ब्यूखनर, काफ्का, ब्रेश्ट. सारे जर्मनमधून, आणि परीक्षेत पुष्कळदा त्यांचा गोषवारा. मी वाङ्मयाचा अध्यापक नाही, तेव्हा निवडीविषयी बोलण्याचा अधिकार माझा नव्हे. परंतु फौस्टच्या आरंभीच्या नाट्यगृहातील प्रवेशास शाकुंतलाच्या प्रस्तावनेवरून चालना मिळाली असावी, असे सर्वत्र मानले जाते. शाकुंतल गटे यांनी फोर्स्टर यांच्या १७९१ च्या जर्मन अनुवादातून वाचले, आणि फोर्स्टर यांनी ते जोन्स यांच्या इंग्रजीवरून केले. ही वाट उलट दिशेने चालून पाहण्यास मराठी विद्यार्थ्याइतका योग्य माणूस कोण? ब्रेश्ट यांच्या दोन नाटकांवरून खानोलकरांचे 'अजब न्याय वर्तुळाचा' आणि पु. ल. देशपांडे यांचा 'तीन पैशाचा तमाशा' झाला. मूळ जर्मन पाठ, त्याचे इंग्रजी अनुवाद आणि ही मराठी रूपे शेजारी ठेवून पाहिली, तर गद्य कोठे लोकनाट्याच्या लयीत शिरले, कोठे विनोद बदलला, कोठे राजकारण बोथट झाले, हे ओळीओळीने दाखविता येईल. हे काम पुण्यामुंबईतच होऊ शकते. आमच्या वर्गात ते आजवर झालेले नाही, आणि या दोषात मीही भागीदार आहे.

दुसरे एक क्षेत्र आहे, त्याची आपणांस जवळजवळ जाणीवच नाही. बाझेल मिशनने १८३४ पासून मंगळूर व पुढे धारवाड, हुबळी या भागांत काम केले. त्यांतील धारवाड-हुबळीच्या बाजूस मिशनचे लोक दक्षिण मराठा मुलूख असेच म्हणत. मलयाळमचा कोशकार गुंडर्ट आणि कन्नडचा कोशकार किटेल ही त्या मिशनचीच माणसे. त्यांचे अहवाल व पत्रे बाझेलच्या दप्तरात आहेत: शेती, जाती, दुष्काळ, बाजारभाव, बोली, सारे काही त्यांत आहे. पण ते जुन्या जर्मन वळणात, कुरेंट लिपीत लिहिलेले. हे वळण १९४१ नंतर शाळांतून गेले; आजच्या जर्मन तरुणासही ते वाचता येत नाही. येथे आपल्या वाचकास मोडीची आठवण होईलच. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागदांचे ढीग आहेत आणि मोडी वाचणारे मोजके. तरीही ज्यास मोडी वाचता येते, त्याला जमिनीच्या वादांत, घराण्यांच्या कागदपत्रांत आजही काम मिळते. तो बेकार बसल्याचे मी पाहिलेले नाही. हात न उचलता लिहिलेली अक्षरे, संक्षेप, लेखकागणिक बदलणारे वळण, या साऱ्याची ज्याला मोडीमुळे सवय आहे, त्याला कुरेंट शिकणे जड जाऊ नये. दोन्ही लिपी वाचणारा विद्यार्थी तयार झाला, तर पश्चिम व दक्षिण भारताच्या एकोणिसाव्या शतकावर लिहिणारे कोणतेही संशोधन केंद्र त्याला दारात उभे ठेवणार नाही. असे विद्यार्थी फार नकोत. दर वर्षी दोन पुरेत.

या विचारांतून अभ्यासमंडळापुढे एक प्रस्ताव ठेवला होता: एम. ए. च्या दुसऱ्या वर्षी एक प्रश्नपत्रिका मराठी-जर्मन तौलनिक व्याकरण व भाषांतर-चिकित्सा यांची, आणि एक ऐच्छिक प्रश्नपत्रिका जर्मन हस्तलिखितवाचनाची. पहिली थोड्या चर्चेनंतर मान्य झाली. दुसरीस विद्यार्थी मिळणार नाहीत, असा आक्षेप आला. तो खराही असेल. ती सध्या आठवड्यातून एकदा, शनिवारी सकाळी, कोणत्याही श्रेयांकाविना चालते. तीन विद्यार्थी येतात. त्यांतील एक इतिहास विभागातला आहे.

ज्या विद्यार्थिनीच्या प्रश्नापासून हा लेख सुरू झाला, तिने अखेर प्रवेश घेतला. माझ्या उत्तरामुळे नव्हे. एका संस्थेत परिचारिकांना शिकविण्याचे दुपारचे काम तिला मिळाले आणि फीची सोय झाली, म्हणून. मागच्या महिन्यात 'मेड्शेन' नपुंसकलिंगी का, हा ठरलेला प्रश्न तिच्या वर्गातही निघाला. तिने लेकरू आणि वासरू यांची उदाहरणे दिली. त्यावर मागच्या बाकावरील, सावंतवाडीकडील एक परिचारिका म्हणाली, "आमच्याकडे मुलीला चेडूच म्हणतात, आणि 'ता चेडू' असेच बोलतात." स्त्रीवाचक नाम उघडउघड नपुंसकलिंगात चालविणारे हे मालवणीतील उदाहरण लेकराहून कितीतरी नेमके आहे, गोव्याच्या कोकणीतही ते तसेच चालते. मला ते सुचले नव्हते. तौलनिक व्याकरणाच्या टिपणांत पहिल्या प्रकरणात ते आता घेतले आहे.